‘कोरडं वारं’ ऐकलेला माणूस शोधताना

पुण्याहून बारामतीला जाणारे बहुतेक लोक लग्नाला जातात, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला. मी एका कॅसेटमागे गेलो. हॉस्टेलवर हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही थोडा हसलो, कारण हसलं नाही तर आपण फार गंभीर आहोत असं दिसतं आणि मला ते दिसू द्यायचं नव्हतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटी गावच्या मुलांचं ‘जिरायत’ नावाचं गाण्याचं पथक होतं. त्यांची पहिली कॅसेट भीमजयंतीच्या गाण्यांची होती. ढोलकी, हार्मोनियम, खणखणीत शब्द. ती इतकी वाजली की आमच्या जुन्नरकडच्या वस्तीतही लोकांना पाठ होती. दुसरी कॅसेट आली ‘कोरडं वारं’ आणि सगळं बिघडलं. तिच्यात दोन इलेक्ट्रिक गिटार होत्या. त्यांचा आवाज घुमवून, ताणून, एकावर एक रचून भिंतीसारखा केला होता आणि त्या भिंतीच्या आत कुठेतरी एक मुलगी हळू आवाजात गात होती. विलायतेत अशी वाजवणारी पोरं आहेत म्हणे. ती लोकांकडे न बघता पायाशी ठेवलेल्या यंत्रांकडे बघत वाजवतात, म्हणून तिकडे त्यांना बूट न्याहाळणारे म्हणतात. आमच्या हॉस्टेलवरच्या एका इंग्रजी कॅसेटवाल्याने ही माहिती दिली.

पुण्यातल्या एका त्रैमासिकाच्या संपादकांनी मला बोलावलं. त्यांनी बारामतीच्या एका साप्ताहिकातलं कात्रण हातात दिलं. त्यात ‘कोरडं वारं’ला ‘गोंगाटाचे गाठोडे’ म्हटलं होतं. संपादक म्हणाले, “हे आहेच. तू तिकडे जाऊन चार लोकांची मतं घेऊन ये आणि याच अंगाने लिही. तुझं पहिलं छापील परीक्षण होईल.” आमच्या घरात कुणाचं नाव मतदारयादीशिवाय कुठे छापून आलेलं नाही. मी ‘हो’ म्हणालो. खोलीमित्राचा वॉकमन मागून घेतला, कारण त्यात बोलणंही टेप करता येत असे, आणि निघालो.

बारामती, गुरुवार

बारामतीत उतरल्यावर पहिल्यांदा नाकात शिरतो तो मळीचा वास. हंगामाचे दिवस होते, उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रांगत होती. आमच्याकडे पाहुण्याला चहात साखर जास्त घालतात, म्हणजे मान दिल्यासारखं होतं. इथे स्टँडवरचा साधा चहाही पाकासारखा. मी दोन घोट घेऊन ठेवला, तर चहावाला म्हणाला, “काय, शुगर हाय का पाव्हनं? एवढ्या वयात?”

कात्रणातल्या लेखाखाली ज्यांचं नाव होतं ते प्राध्यापक गावातच राहत. दार त्यांनी स्वतः उघडलं, बसवलं, पोहे दिले. बोलायला लागले ते तासभर. शब्द हरवला आहे, परंपरा तुटली आहे, तरुणांना मुळं नकोत. मी सगळं लिहून घेत होतो, वॉकमनवर टेपही करत होतो. मध्येच माझं लक्ष शोकेसकडे गेलं. तिथे पितळी घोडा, दोन ढाली आणि ‘कोरडं वारं’ची कॅसेट उभी होती. तिच्यावरचा पारदर्शक कागद तसाच होता. कडेची लाल दोरीसुद्धा ओढलेली नव्हती.

मला विचारायला फार वेळ लागला. शेवटी म्हणालो, “सर, ही दुसरी प्रत का?”

“दुसरी कशाला? हीच अभिप्रायासाठी आली.”

“पण ही उघडलेली...”

“अहो, उघडायला काय हवं?” सर मुळीच ओशाळले नाहीत. “नावातच कळतं ना. कोरडं. शिवाय पुण्याच्या तुमच्या संपादकांशी फोनवर बोललो होतो. त्यांचंही मत असंच होतं.”

आमच्या संपादकांचं मत या सरांच्या लेखावरून झालं होतं आणि सरांचं मत आमच्या संपादकांवरून. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरा भिंतीला टेकला आहे. मी पोहे संपवले. ते चांगले होते, एवढं मात्र मी स्वतः खाऊन सांगतो.

लोणी भापकर, मग कऱ्हाटी, शुक्रवार

बारामती तालुका म्हणजे ऊस, असं मी समजत होतो. पश्चिमेला निघालं की ऊस हळूहळू संपतो. पाटाचं पाणी जिथे पोचत नाही तिथून माळ सुरू होतो. बाजरीची धसकटं, बाभळी, कुठे ज्वारीचा पट्टा, आणि वारा. वाऱ्याला अडवायला काहीच नाही. तेव्हा मला पथकाचं नाव जरा कळलं.

लोणी भापकरला एसटीतून उतरून वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपमध्ये बसलो. शेजारी फेटेवाले एक गृहस्थ होते. मी कॅसेटचा विषय काढला.

“ती व्हय?” ते लगेच म्हणाले. “लई वंगाळ. लावली तवा आमच्या हितली कुत्री भुकाया लागली.”

“तुम्ही कुठं ऐकलीत?”

“मी कशाला ऐकतोय? मी रानात व्हतो. मेव्हना सांगत व्हता.”

“मेव्हण्यांनी ऐकली?”

“त्यो तर मुंबईला असतोय.” मग थोडा विचार करून म्हणाले, “पर कुत्री भुकली हे खरं हाय.”

जीपमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वहीत लिहिलं: कुत्री, एक साक्षीदार, गैरहजर.

कऱ्हाटीत मिलिंदच्या घरी उतरलो. मिलिंद पथकाचा प्रमुख, गिटार वाजवणारा. पंचविशीचा, फार कमी बोलणारा. त्याची धाकटी बहीण सुजाता बारामतीला कॉलेजात जायची. कॅसेटमधला आवाज तिचा, बरीचशी गाणीही तिनेच लिहिलेली. आईने हुलग्याची शेंगोळी केली होती. आमच्याकडे पाहुणा आला की मासवडी करतात आणि ती नीट झाली की नाही यावर चर्चा होते. इथे शेंगोळी ताटात पडली की कुणी बोलतच नाही, सगळे भुरके मारतात. मला ती पद्धत आवडली.

गिटारचा आवाज घुमवणारं यंत्र मिलिंदने दाखवलं. बारामतीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्याने ते जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बसवून घेतलं होतं. बाहेर दोन बटणं, पायाने दाबायची. मिलिंद वाजवताना खरंच खाली बघतो. त्याच्या पायात बूट नव्हते, स्लीपर होत्या.

“लोक म्हणतात शब्द ऐकू येत नाहीत,” मी भीतभीत म्हणालो.

“येतात,” सुजाता म्हणाली. “पण कान द्यावा लागतो. आमच्या माळावर कुणी लांबनं हाक मारली तर कशी येती? वाऱ्यातनं येती. निम्मी येती, निम्मी आपण वळखायची. तसं करायचं होतं.”

“हे कुणाला सांगितलं का?”

“इचारलंय कुणी?”

खरी अडचण मला जेवणानंतर कळली. जयंतीच्या दिवशी कऱ्हाटीच्या विहारासमोर पहिलं गाणं कुणी म्हणायचं, हा मान असतो. लोकांनी धम्म स्वीकारला त्या काळापासून तो मिलिंदच्या घराकडे होता. आधी आजोबा, मग वडील. वडील गेल्यावर ही दोघं. आता विहार कमिटीचं म्हणणं होतं की या वर्षी बाहेरचा ऑर्केस्ट्रा बोलवावा आणि पहिलं गाणं त्याला द्यावं. रविवारी सकाळी बैठक होती.

“एकदा गेलं की गेलं,” आई म्हणाली. “मागनं कोन देतंय परत?”

मिलिंद पायाकडे बघत होता.

संध्याकाळी आबांना भेटलो. कमिटीत शेवटचा शब्द आबांचा. ऐंशीच्या घरातले, तरुणपणी जलशात गात गावोगाव फिरलेले. आता त्यांचा आवाज बसला आहे, पण बोलताना वाक्याच्या शेवटी सूर अजून वर जातो.

“आमी गायला उभं राह्यलो का दगडं यायची,” आबा म्हणाले. “कपाळ फुटायचं, पर शब्द सोडला न्हाय. शब्द पोचला म्हणून तुमी कालेजात बसलाय. आन ही पोरं शब्दच गिळत्यात. मग आमी दगडं कशापायी खाल्ली?”

मी ते शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतलं. दोन दिवसांत ऐकलेलं हे पहिलं मत होतं ज्याला काही वजन होतं. मी हळूच विचारलं, “आबा, तुम्ही कॅसेट ऐकली?”

“ऐकली तर. दसऱ्याला विहारावर लावली व्हती. कर्ण्यावर. नुसती किंचाळी. दुसऱ्या गाण्यालाच बंद करा म्हनलं.”

विहाराशेजारच्या लिंबावर बांधलेला कर्णा मी पाहिला. भोंग्याचं तोंड एका बाजूने चेपलेलं. त्यावर बुद्धवंदना होते, रेशनची साखर आल्याची दवंडी होते, हरवलेल्या शेळीचा पुकारा होतो. गावाने ‘कोरडं वारं’ ऐकली ती एवढीच: दीड गाणं, चेपलेल्या भोंग्यातून. टेप मिलिंदच्या घरातही नव्हता, तो दुरुस्तीला गेला होता. गाणाऱ्यांच्या घरात गाणं वाजत नव्हतं आणि गावात त्यावर निकाल तयार होता.

इंदापूर, शनिवार

मिलिंद म्हणाला, “इंदापुरात आपली कॅसेट चांगली खपती म्हणे. बघायला येतो का?” सहा महिन्यांत त्याने ऐकलेली ती एकच चांगली बातमी होती. मी लगेच तयार झालो. कुणी तरी स्तुती करणारा भेटला तर रविवारी कमिटीला सांगता येईल, असं आम्हाला वाटत होतं.

इंदापूर म्हणजे सोलापूर रस्त्यावरचं गाव. तहसील कचेरीत आलेले लोक, ट्रक, आणि स्टँडबाहेर तळलेल्या चिलापीचा वास. ती उजनीच्या पाण्यातली मासळी. मी डोंगराकडचा, ओढ्यातले बोटभर मासे खाणारा. काटा घशात अडकला. हॉटेलवाल्याने कोरडी भाकरी दिली आणि म्हणाला, “न चावता गिळा.” काटा गेला. मिलिंद त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

कॅसेटच्या दुकानात ‘कोरडं वारं’ खरंच समोर मांडलेली होती. प्रत्येक प्रतीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली: ‘साफ आवाज’.

“फस्कलास माल हाय,” दुकानदार म्हणाला. मिलिंद कोण हे त्याला माहीत नव्हतं. “आधी पडून व्हती. कुणी हात लावंना. मग म्या काय केलं, डबल डेकवर घेतली आन बटनं फिरवून ती गिटारीची घरघर पार बारीक करून टाकली. पोरीचा आवाज वर काढला. आता ट्रकवालं मागून नेत्यात.”

मी म्हणालो, “पण ज्यांनी केली त्यांना...”

“त्यास्नी अक्कल असती तर त्यांनीच केलं असतं की!” तो मनापासून म्हणाला. “आवो, एवढी ग्वाड पोरगी गातीया आन ती येडी मागं चक्की लावून बसल्यात.”

“एक लावा,” मिलिंद म्हणाला.

त्याने लावली. सुजाताचा आवाज पत्र्याच्या डब्यात सापडलेल्या माशीसारखा वाटत होता. मागे काही नव्हतं. दोन गिऱ्हाईकं थांबली. एक म्हणाला, “वा.” मिलिंद पूर्ण गाणं खाली मान घालून ऐकत उभा राहिला.

परतीच्या एसटीत भिगवण आल्यावर मिलिंद म्हणाला, “वारं काढून टाकलं. आता ती नुसती एकटीच ओरडतीय.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “बारामतीचे सर बरे. त्यांनी निदान कागद तरी फाडला न्हाय.”

इंदापूरची स्तुती कमिटीपुढे न्यायची नाही, हे आम्ही न बोलताच ठरवलं. निंदा न ऐकता केलेली होती आणि स्तुती भलत्याच गोष्टीची होती. मला त्या संध्याकाळी सगळ्यांचाच राग आला होता. कागद न फाडणाऱ्यांचा, बटणं फिरवणाऱ्यांचा, मुंबईच्या मेव्हण्याचा. वहीची सात पानं मी रागाने भरली आणि ती मला फार चांगली जमली आहेत असं वाटलं.

कऱ्हाटी, रविवार

बैठक विहाराच्या ओट्यावर होती. पुरुष सतरंजीवर, बायका पायऱ्यांवर मटकी निवडत. सेक्रेटरी पंचायत समितीत नोकरीला. त्यांनी बोलणं ठराव वाचल्यासारखं सुरू केलं.

“सर्वांचं मत आहे की सदर कॅसेटमुळे समाजाची नाचक्की झाली. बारामतीच्या पेपरातपण आलं. आता पुण्याचे पाहुणेही त्याचसाठी आलेत. तेव्हा ऑर्केस्ट्राला...”

मला बोलायचं नव्हतं. चारचौघांत माझी जीभ जड होते. पण सुजाता भिंतीला टेकून उभी होती आणि तिने दोन्ही हातांनी ओढणीचं टोक पिळून धरलं होतं. मी उठलो.

“आबा, कॅसेट माझ्याजवळ आहे. यात लावून कानाला लावता येते. तुम्ही एकदा पूर्ण ऐका.”

सेक्रेटरींनी वॉकमनकडे पाहिलं. “हे काय, डाक्टरचं यंत्र हाय?”

“आन हिकडं,” आबा म्हणाले. त्यांनी पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्या कानांवर हेडफोनचा पट्टा बसवला आणि बटण दाबलं. आबा दचकले, डोळे मिटले, आणि हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

मग पन्नासभर माणसं एका म्हाताऱ्याला ऐकताना बघत बसली. आम्हाला फक्त बारीक कुरकुर ऐकू येत होती. मध्येच आबांची बोटं मांडीवर चालायची, मध्येच थांबायची. एकदा त्यांनी तोंड वाकडं केलं तेव्हा सेक्रेटरी खूश झाले. दहा मिनिटांनी आबा म्हणाले, “ही पोरगी म्हशीवानी हंबराय लागली.” सेल उतरले होते.

“बघा!” सेक्रेटरी म्हणाले. “आबास्नीबी पटलं.”

“गप र,” आबा म्हणाले. “सेल आणा.”

दुकान बंद होतं. मिलिंदने विहारातल्या भिंतीवरच्या घड्याळातला एक सेल काढला. सुजाता धावत घरी जाऊन तिथल्या घड्याळातला दुसरा घेऊन आली. “टाइम बंद पडला की,” एक बाई म्हणाली. “पडू दे, मटकी हाय अजून,” दुसरी म्हणाली. आबांनी कॅसेट पहिल्यापासून लावायला सांगितली. पहिली बाजू ऐकली, स्वतः उलटवून दुसरी ऐकली. ऊन ओट्यावर चढलं. कुणी उठलं नाही.

शेवटी त्यांनी पट्टा काढला आणि टोपी घातली.

“शब्द हायेत,” ते म्हणाले. “समदं हायेत. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं कुणी ल्ह्यलंय?”

“मी,” सुजाता म्हणाली.

“त्यात जी म्हातारी टँकरमागं पळतीया, ती तुझी आज्जी न्हवं?”

“व्हय.”

“वळखली मी,” आबा म्हणाले. “पर मला आवडलं न्हाय. आमी उघडं गायलो. तुमी झाकून गाता. कुनाला भिता? मला न्हाय पटत.”

सुजाताची मान खाली गेली. सेक्रेटरींनी पेन उघडलं. “मग ऑर्केस्ट्रा...”

“थांब की. तू ऐकलीस का?”

“म्हणजे... कर्ण्यावर...”

“पहिलं गाणं ह्यांचंच,” आबा म्हणाले. “आवडलं म्हणून न्हाय. मी ऐकून नावं ठेवलीत. तुझा आर्केस्ट्रा काय गातोय ते मलाबी ठावं न्हाय आन तुलाबी न्हाय. लिव्ह.”

सेक्रेटरींनी लिहिलं. पायऱ्यांवरून कुणी तरी “जय भीम” म्हणालं आणि मटकीची ताटं उचलली गेली. मिलिंदच्या आईने पदराने चेहरा पुसला. मला वाटलं, आता निघावं. बाराची जीप मिळाली असती.

“पाव्हनं,” आबा म्हणाले, “तुमी पेपरात लिव्हणार. तुमी कितींदा ऐकली?”

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस मी जवळजवळ तेच करत होतो. हॉस्टेलवर पोरं पत्ते खेळत असताना मी पहिली बाजू लावली होती आणि चौथ्या गाण्याला जेवायची घंटा झाली होती. त्यानंतर ती कॅसेट माझ्या पिशवीत होती. वॉकमनचे सेल मी लोकांची मतं टेप करायला जपून ठेवले होते.

“अर्धी,” मी म्हणालो. “अर्धी बाजू.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आबांनी वॉकमन माझ्यापुढे सरकवला. “बस हितं.”

मी पायरीवर बसलो. सुरुवातीला लाजेने काहीच ऐकू आलं नाही. मग ती भिंत आली. आधी नुसती भिंत, मग तिच्यात फटी दिसाव्यात तसे शब्द येऊ लागले. एक पूर्ण, एक निम्मा. समोर माळ होता आणि वाऱ्याने लिंब हलत होता, पण त्याचा आवाज मला येत नव्हता. टँकरमागे पळणारी म्हातारी आली तेव्हा मी आबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. जीप येऊन गेली असावी.

पट्टा काढला तेव्हा ओट्यावर फारसं कुणी उरलं नव्हतं. सुजाता दोन पायऱ्या खाली बसली होती.

“कशी हाय?”

मी नेहमीसारखं ‘छान’ म्हणणार होतो. म्हणालो, “तिसरं फार आवडलं. शेवटचं नाही आवडलं.”

“का?”

मी सांगायला लागलो. शेवटच्या गाण्यात गिटार इतका वेळ एकाच जागी थांबते की आवाजाची वाट बघून कंटाळा येतो, आवाज येतो तेव्हा आपण ऐकायचं सोडलेलं असतं. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “तितंच तर थांबायचं हाय!” म्हणत ती वर सरकली, मिलिंदला हाक मारून बोलावलं, आणि आम्ही तिघं उन्हात बसून भांडायला लागलो.